टिटवीचे नवे तणावे : धोमच्या काठावरच्या नोंदी

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार

आज आमच्या टिटवीची, म्हणजे शिडाच्या होडीची, डोलकाठी जाता जाता वाचली. तारखेसकट लिहून ठेवतो.

दुपारी साडेतीनला कमळगडाच्या बाजूनं वारा उतरला. वाईजवळच्या धोम धरणाच्या पाण्यावर ऑक्टोबरात असं होतं. तासभर पाणी आरशासारखं पडलेलं असतं आणि मग एकदम काळा पट्टा सरकत येतो. सुकाणू लेकीच्या हातात होतं, मी शिडाच्या दोरीवर. होडी डावीकडं कलली आणि उजव्या अंगाला फट्‌ असा आवाज झाला. उजव्या वरच्या तणाव्याच्या, म्हणजे काठीला उभं धरणाऱ्या तारेच्या, बुडाशी, जिथं तार नळीत दाबून बसवलेली असते तिथं, तारेचे काही धागे उकलून काट्यांसारखे बाहेर आले होते. वाऱ्याकडची बाजू तीच, म्हणजे सगळा भार त्याच तारेवर.

मी ओरडलो, "वळव पोरी, वळव!" तिनं विचारत न बसता सुकाणू ढकललं. होडीचं तोंड वाऱ्यातून पलीकडं गेलं, भार डाव्या तणाव्यावर आला आणि उजवा सैल पडला. शीड उतरवलं आणि वल्ही मारत काठाला आलो. तोवर दोघंही काही बोललो नाही. काठावर आल्यावर ती म्हणाली, "बाबा, काठी पडली असती तर माझ्या डोक्यावर आली असती ना?" मी हो म्हणालो. खोटं सांगण्यात अर्थ नव्हता.

४ नोव्हेंबर २०२४

दिवाळी झाली. टिटवी दादाच्या शेडमध्ये आणून ठेवली आहे. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. धोमच्या वरच्या अंगाला त्याची हळद आहे. शेड हळद शिजवायची आणि वाळवायची, त्यामुळं फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच आपली. "नंतर कढई पेटली की होडीला जागा नाय," त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. तेव्हा काम संपवायची तारीख हळदीनं ठरवली आहे.

ज्यांना होडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टिटवी १९ फुटी, फायबरची. डोलकाठी अॅल्युमिनियमची, ६.८ मीटर. तंबूला तणावे असतात तसे हिलाही आहेत. दोन्ही अंगांना वरचा एक आणि खालचा एक, शिवाय पुढचा आणि मागचा, असे सहा. शीड ओढायच्या दोऱ्या सारख्या हलवाव्या लागतात. तणावे एकदा ताणले की तसेच राहतात आणि काठीला उभं धरतात. ते ४ मिमी स्टेनलेसच्या तारेचे होते, एका तारेत १९ धागे. होडी सहा वर्षांपूर्वी मुंबईच्या किनाऱ्यावरून आणली, त्याआधी ती बरीच वर्षं खाऱ्या हवेत उभी होती. तार चकचकीत दिसत होती म्हणून मी ती तशीच ठेवली.

आज तुटलेल्या टोकाची नळी हॅकसॉनं उभी चिरली. आत तपकिरी पीठ. एकोणीसपैकी चार धागे तुटले होते हे बाहेरून दिसलंच होतं. आत आणखी सात धाग्यांना आडवे तडे होते. म्हणजे एवढे दिवस आम्ही आठ धाग्यांच्या भरवशावर फिरत होतो.

स्टेनलेसला गंज लागत नाही ही समजूत अर्धीच खरी आहे. त्यातल्या क्रोमियमची हवेतल्या ऑक्सिजनशी संगत होऊन वर एक अतिशय पातळ कवच तयार होतं. ओरखडा पडला तरी ते पुन्हा धरतं, पण त्याला ऑक्सिजन हवा. नळीच्या तोंडाशी खारं पाणी झिरपून आत कोंडलं की तिथं हवा पोचत नाही, कवच भरून येत नाही, आणि क्षार आतून पोखरत जातात. खालच्या टोकाला पाणी साचतं म्हणून खालचंच टोक आधी जातं. बाहेर तार मात्र आरशासारखी.

दादाकडं विहिरीच्या यारीवर काम केलेला एक माणूस आला होता. त्यानं सुती फडकं घेतलं आणि उरलेल्या पाच तारांवरून मुठीत धरून फिरवत नेलं. डाव्या खालच्या तणाव्यावर दोन ठिकाणी फडकं अडकलं. म्हणाला, "यारीची वायर आमी आठवड्याला अशी बघतो. खाली माणूस असतोय." सहा वर्षांत मी हे एकदाही केलं नव्हतं. एक फडकं आणि दहा मिनिटं, एवढंच लागतं. तारेचे तणावे असलेल्या प्रत्येकानं ते करावं.

१० नोव्हेंबर २०२४

निर्णय झाला. पाच तणावे दोराचे करायचे. पुढचा मात्र तारेचाच राहील.

दोर म्हणजे डायनीमा. मूळ पदार्थ पॉलिइथिलीन, कॅरीबॅगच्याच कुळातला. फरक रेणूंच्या लांबीचा आणि रांगेचा. पिशवीत रेणूंच्या साखळ्या गोंधळलेल्या केसांसारख्या पडलेल्या असतात. इथं त्या कितीतरी पट लांब असतात आणि सगळ्या धाग्याच्या दिशेनं विंचरलेल्या. नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेम्स्ट्रा यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी ही विंचरायची रीत शोधली. पदार्थ द्रावकात विरघळवून त्याची जेली करायची, ती बारीक छिद्रांतून काढायची आणि मग खूप ताणायची. कारखान्यात उत्पादन सुरू झालं १९९० मध्ये.

जोर पाहू. आमची ४ मिमी तार नवी असताना साधारण सव्वा ते दीड टनाला तुटते. ५ मिमी दोर अडीच टनांच्या वर जातो. तार मीटरला साधारण ८० ग्रॅम, दोर १५ ग्रॅम. पाण्यात टाकला तर तरंगतो.

पण जोर बघून दोर निवडायचा नसतो, हे समजून घ्यायला मला चार रात्री लागल्या. या धाग्याला एक खोड आहे. सतत भार ठेवला तर तो हळूहळू कायमचा लांबतो, भार काढला तरी परत येत नाही. याला क्रीप म्हणतात. भार जास्त आणि ऊन जास्त, तर लांबणं जास्त. म्हणून नुसत्या जोरावर बेतला असता तर ३ मिमी दोरही पुरला असता, तरी जाड घ्यायचा. म्हणजे नेहमी राहणारा ताण तुटायच्या भाराच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या आत राहतो आणि लांबणं नगण्य होतं. दोरही कमी क्रीपच्या धाग्याचा, गरम करून आधीच ताणलेला घ्यायचा.

पुढचा तणावा तारेचाच का? कारण पुढचं शीड त्याच्यावर पितळी हुकांनी चढतं. हुक वर-खाली घासत राहतात आणि दोराला घासणं हीच मोठी भीती. मऊ दोरीचे हुक करता येतात, पण या वर्षी दोन नव्या गोष्टी एकदम नकोत. पुढच्यासाठी नवी तार मागवली.

दादानं विचारलं, "प्लास्टिकचा दोर, उन्हात किती टिकंल?" प्रश्न बरोबर आहे. ऊन वरच्या थराला खातं. पहिल्या एक-दोन वर्षांत जोर घटतो, मग तोच जुना थर आतल्या धाग्यांवर सावली धरतो. बारीक दोराचं त्यात जास्त नुकसान, हे जाड घ्यायचं दुसरं कारण. पाच वर्षांनी बदलायचा असं धरून चाललो आहे. तसं चकचकीत तारेचंही ठरवायला हवं होतं.

२० नोव्हेंबर २०२४, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी साताऱ्यात मतदान करून दहाला धोमला पोचलो.

जुने तणावे जमिनीवर अंथरून, दोन खुंट्यांमध्ये ताणून मोजले. सैल तार मोजली तर सेंटिमीटरभर फरक सहज पडतो. वरचा ६ मीटर ३८, खालचा ३ मीटर ६१, मागचा ७ मीटर ४४. डावा-उजवा यांत ४ मिमीचा फरक निघाला. तो मूळचा की सहा वर्षांच्या ताणाचा, कळायला मार्ग नाही.

१ डिसेंबर २०२४

दोर आला. ५ मिमी राखाडी, ४५ मीटर, आणि आवळणीसाठी, म्हणजे तणाव्याचं खालचं टोक होडीला ओढून बांधायला, ३ मिमी, ३० मीटर. अख्खी ४५ मीटरची गुंडाळी लेकीनं एका बोटावर धरली. तिच्या आईनं दोन्ही हातांत जुना मागचा तणावा तोलून बघितला, मग गुंडाळी, आणि विचारलं, "ह्याच्यावर विश्वास ठेवायचा?" मी म्हणालो, आधी तोडून बघू.

८ डिसेंबर २०२४

आजची नोंद लांबणार.

दोराला गाठ मारून चालत नाही. एक तर गाठीत कुठल्याही दोराचा निम्मा जोर जातो, आणि डायनीमा इतका गुळगुळीत की गाठ सरकून सुटते. टोकाला डोळा, म्हणजे कायमचा फासा, करायचा तर दोर दोरातच गुंफावा लागतो. शेपूट, म्हणजे दोराचं मोकळं टोक, मुख्य दोराच्या पेडांमधून आरपार काढायची, मग मुख्य दोर शेपटीतून आरपार, म्हणजे दोन्ही एकमेकांत अडकतात. उरलेली शेपूट मुख्य दोराच्या पोटात घालायची. भार आला की बाहेरचं वेष्टन आवळतं आणि शेपटीला गच्च धरतं. जेवढी ओढ तेवढी पकड. शेपूट दोराच्या जाडीच्या ७२ पट आत हवी, म्हणजे ५ मिमीला ३६ सेंटिमीटर.

वाचून समजतं. हाताला समजायला वेळ लागतो. गरम करून ताणलेला दोर काठीसारखा ताठ असतो, पेड उघडत नाहीत. सकाळपासून तीन डोळे केले, तिन्ही वाकडे. पोटात शेपूट गेली की जिथं ती संपते तिथं दोराला एक पायरी दिसायची, जसा सापानं बेडूक गिळलाय.

चारच्या सुमाराला पांडवगडाच्या पायथ्याकडचे आबा दादाकडं कासरे पोचवायला आले. दर वर्षी बेंदराच्या आधी या पट्ट्यातल्या बैलांचे कासरे, वेसणी, म्होरक्या त्यांच्या हातच्या असायच्या. घायपाताचा वाख भिजवून, झोडून, त्याचा दोर वळणारे आता फार उरले नाहीत. ते शेडच्या दारात उकिडवे बसले आणि माझा दोर हातात घेतला.

"मास्तर, ह्यो दोर न्हाय, मासा हाय. हातात ऱ्हाईना." मग त्यांनी तो डोळ्याजवळ धरला, नखानं पेड मोजले आणि म्हणाले, "पीळ न्हाय ह्याला. सहा इकडं जात्यात, सहा तिकडं."

हे मी एका तक्त्यात वाचलं होतं. त्यांनी नुसतं बघून ओळखलं. बारा पेडांपैकी सहा उजवीकडं, सहा डावीकडं विणलेले, म्हणून ओढला तर हा दोर फिरत नाही. वाखाच्या तिपेडी दोराला पीळ असतो, त्याला भार दिला की तो उलगडायला बघतो.

मी पायरी दाखवली. आबांनी बोट फिरवलं. "हितं तुटंल." का, असं विचारलं. "वाख जोडताना टोक कवाच बुंध्यानं जोडत न्हाय. निमुळतं करायचं. एक एक तंतू कमी कमी करत न्यायचा. बुंधा आला की दोर हितं म्हणतोय, मी दोन हाय. दोन असलं की तुटतंय."

पुस्तकात शेपूट निमुळती करायला सांगितलीच होती. मी ते सुबकपणासाठी असेल असं समजून शेवटचा चार सेंटिमीटरचाच भाग बारीक केला होता. आबांच्या सांगण्यावरून निम्म्या शेपटीत बारीक करत गेलो. इथं एक पेड कापायचा, दोन विणी सोडून पुढचा, असं करत शेवटी दोनच पेड उरतात. चौथ्या डोळ्याला बोट लावलं तर शेपूट कुठं संपली ते कळेना. आबांनी तो डोळा परत हातात घेतला, ओढून बघितला, आणि काही न बोलता खिशातली तंबाखू काढली. माझं समाधान झालं.

हत्यार म्हणून गोणी शिवायचा दाभण पेड उघडायला आणि दुमडलेली बारीक पोलादी तार शेपूट ओढून घ्यायला. विकतचं काही लागलं नाही.

१५ डिसेंबर २०२४

तोडायचा दिवस.

दादाच्या शेडच्या दोन लोखंडी खांबांमध्ये १ टनाची चेन पुली, मधे गुळाच्या आडतीवर असतो तसा हुकाचा वजनकाटा, तोही १ टनाचा. ५ मिमी दोर यात तुटणार नाही, म्हणून ३ मिमीचे तीन नमुने केले. समोर जुनी सतरंजी दोरावर टाकली आणि सगळ्यांना बाजूला, दोराच्या रेषेच्या बाहेर उभं केलं. हा दोर तारेइतका उसळत नाही, तरी लोखंडी हुक सुटला तर तो कुणाला ओळखत नाही.

पहिला नमुना, साधी गाठ. ३४० किलोला गाठ सरकत सरकत सुटली. तुटली नाही, सुटलीच. दुसरा नमुना माझ्या पहिल्या पद्धतीचा, आखूड आणि बुंध्याची शेपूट. ७६० किलोला तुटला, आणि तुटला कुठं तर आबांनी बोट ठेवलं होतं तिथंच, शेपूट संपते त्या पायरीवर. तिसरा, ७२ पट शेपूट, निमुळती. ९५० किलोपर्यंत नेला आणि काट्याच्या भीतीनं थांबलो. डोळा तसाच.

ज्यांना स्वतः हे करायचं असेल त्यांना माझं एकच मागणं आहे. होडीवर चढवायच्या आधी स्वतःच्या हातचा एक नमुना तोडा. बायकोनं विचारलेल्या प्रश्नाला मला शब्दांत उत्तर देता आलं नसतं. आज तिनं काटा स्वतः वाचला.

२२ डिसेंबर २०२४

पाच तणावे, दहा डोळे. शनिवार-रविवार मिळून नऊ झाले. प्रत्येक डोळ्यात स्टेनलेसचं थिंबल (आतून बसवायची खोबणीची कडी), म्हणजे दोर पातळ खिळीवर मोडत नाही. शेपटीच्या तोंडाशी मेणाच्या दोऱ्यानं टाके. भार असताना टाक्यांची गरज नाही. काठी आडवी करून ट्रेलरवर नेताना सैल दोरातून शेपूट सरकू नये म्हणून ते आहेत.

लेकीचे डोळे माझ्यापेक्षा सुबक आहेत. तिच्या बोटांना पेड दिसतात. डावा वरचा पूर्ण तिचा.

२९ डिसेंबर २०२४

प्रत्येक तणावा चेन पुलीवर ५०० किलोला अर्धा तास. ताणाखाली वरचा ६ सेंटिमीटर लांबला, सोडल्यावर साडेतीन लांबच राहिला. यातलं बरंचसं दोराचं नव्हे, गुंफणीचं बसणं आहे. डोळ्याचा घसा पहिल्या भारात आवळून बसतो. हे आधी केलं नसतं तर पाण्यावर झालं असतं.

एक चूक झाली. उजवा खालचा मी मोजमापात लांब धरला. आवळणीसाठी चेनप्लेट (तणावा बांधायची होडीच्या कडेची पट्टी) आणि डोळा यांच्यात १५ सेंटिमीटर अंतर ठेवायचं होतं, ताणल्यावर उरलं ५. दोर पुढं लांबत जाणार आणि अंतर घटत जाणार, म्हणजे महिन्याभरात ओढायला जागाच राहिली नसती. तो तणावा बाजूला ठेवला, पुन्हा करायचा. साडेचार मीटर दोर गेला. कापलेला तुकडा आबांना हवा होता, त्यांना दिला.

५ जानेवारी २०२५

काठीवरचं काम. तार गेली आणि दोर आला की प्रत्येक धार शत्रू होते. काठीच्या डोक्यावरच्या पट्ट्या, तणावे बाहेर रेटून धरणाऱ्या आडव्या फाट्यांची टोकं, सगळीकडं सहा वर्षं तारेनं खाच पाडून ठेवली आहे. बोटाला न लागणारी खाचही दोराला करवत होते. कानशीने गोल केलं, मग बारीक पॉलिश पेपर, मग बायकोचा जुना नायलॉनचा मोजा हातात घालून सगळीकडून फिरवला. जिथं मोज्याचा धागा ओढला जातो तिथं पुन्हा कानस. चार ठिकाणी अडकला. फाट्यांच्या टोकांवर दोराभोवती मऊ चामड्याचं वेष्टन शिवलं.

टर्नबकल, म्हणजे तार ताणायचे पेच, काढले. त्यांच्या जागी चेनप्लेटला अॅल्युमिनियमची गोल कडी, आतून पूर्ण गोलाई दिलेली. माझ्या आयटीआयच्या लेथवर सुट्टीच्या वेळात, रीतसर परवानगीनं वळवून घेतल्या. कडी आणि डोळ्याचं थिंबल यांच्यातून ३ मिमी दोर सहा फेरे फिरवून आवळायचा. पूर्वी युरोपातली शिडाची गलबतं अशीच आवळलेली असत, फक्त कडीच्या जागी लाकडी चकती आणि डायनीमाच्या जागी वनस्पतीच्या तंतूंचा दोर. तारेचा दोर जन्माला आला तोही समुद्रावर नाही, खाणीत. जर्मनीतल्या हार्झ डोंगरातल्या खाणींसाठी विल्हेल्म आल्बर्ट यांनी तो १८३४ मध्ये केला. यारीवाल्या माणसाला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हंजी आमच्याच धंद्याचा निघाला की."

वजन केलं. जुने पाच तणावे टर्नबकलसकट ४.१ किलो. नवे, थिंबल, कड्या, आवळणीसकट ९०० ग्रॅम. तीन किलो म्हणजे काय, असं वाटेल. पण त्यातलं बरंच काठीवर, पाण्यापासून तीन-चार मीटर उंच होतं.

१२ जानेवारी २०२५

मांढरदेवीच्या यात्रेची गर्दी, वाईतून बाहेर पडायला सव्वा तास. उशिरा पोचलो. तरी शेडच्या अंगणात ट्रेलरवरच काठी उभी केली. उजवा खालचा नवा झाला आहे. आवळण्या शिडाच्या दोऱ्या ओढायच्या विंचवर ओढून घेतल्या. शेवटाला अर्धगाठी दोन पुरत नाहीत, सरकतात. सहा मारल्या.

१९ जानेवारी २०२५

सकाळी सात वाजता लेकीनं फोन केला. ती दादाकडं मुक्कामाला होती. "बाबा, तणावे ढिले झालेत. काठी टकटक वाजतेय."

गेल्या रविवारी दुपारी मी ते सतारीच्या तारेसारखे आवळले होते. पहिली शंका गुंफणीवर. पोचेपर्यंत तिच्या मनात दहापैकी प्रत्येक डोळा सुटून झाला होता. माझ्याही. पण टाके जागेवर, आणि टाक्यांपाशी मी मारून ठेवलेली लाल दोऱ्याची खूण एक मिलिमीटरही हललेली नाही. क्रीप म्हणावं तर एका आठवड्यात, इतक्या हलक्या ताणाला, एवढं नाही होत.

चहा घेऊन बसलो. दहा वाजले, टकटक थांबली. बारा वाजता तणावे परत ताठ. दोन वाजता गेल्या रविवारसारखे. कुणी हात लावला नव्हता.

मग कागद घेतला. अॅल्युमिनियम तापलं की पसरतं. एक मीटर, एक अंश, ०.०२३ मिमी. स्टेनलेस पोलादही पसरतं, ०.०१६. डायनीमा मात्र उलटा, तापला की आखडतो, साधारण ०.०१२. पहाटे इथं ११ अंश होते, दुपारी ३१. वीस अंशांचा फरक, लांबी ६.४ मीटर. काठी दुपारी साधारण ३ मिमी उंच होते, आणि त्याच वेळी दोर दीड मिमी आखडतो. एकूण साडेचार मिमीचा ताण वाढतो. तार असती तर काठीबरोबर तीही पसरली असती आणि फरक जेमतेम १ मिमी पडला असता. म्हणून सहा वर्षांत हे कधी जाणवलं नव्हतं.

लेकीला भौतिकशास्त्रात प्रसरणाचा धडा आहे. तिनं गणित स्वतः परत केलं, दशांश चिन्ह एकदा तपासलं, आणि मग अंगणात जाऊन तणाव्याला हात लावून उभी राहिली.

आता प्रश्न, कुठल्या वेळेला आवळायचं? पहाटे ताठ केलं तर दुपारी फाजील ताण, आणि उष्णतेत फाजील ताण म्हणजेच क्रीपला आमंत्रण. दुपारी ताठ केलं तर पहाटे ढिलं. आम्ही धोमवर दुपारी तीननंतरच निघतो, वारा तेव्हाच येतो. म्हणून आवळायची वेळ दुपारी तीन. पहाटे काठी वाजेल, तेव्हा काठीला एक जादा दोरी बांधून ठेवायची. समुद्रकाठी रात्रंदिवस होडी चालवणाऱ्यांना हे उत्तर चालणार नाही. तिथं दिवस-रात्रीचं तापमान आपल्याइतकं लांब पळत नाही, ही त्यांची सोय.

२६ जानेवारी २०२५

झेंडावंदनानंतर गेलो. सकाळी-दुपारी दोन्ही वेळा मोजलं. खुणा जागेवर.

९ फेब्रुवारी २०२५

टिटवी पाण्यात.

पाणी बरंच खाली गेलंय, कालव्याला सुटतंय. उतरणीवर गाळ, ट्रेलर दादाच्या ट्रॅक्टरनं सोडला. अडीचला पाण्यात, तीनला आवळणी, सव्वातीनला शीड वर.

वारा आधी हलका. साडेचारला पश्चिमेकडून जोर आला, लाटांच्या माथ्यावर तुरळक पांढरं दिसायला लागलं. होडी कलली. वाऱ्याकडचा तणावा ताठ, पलीकडचा थोडा सैल. तेवढा असावा. कलण्याच्या वेगात फरक आहे, हे मला बसल्याजागी कळलं. पूर्वी झोत आला की काठी एक क्षण मागं राहून मग जड पडायची. आज होडी झोताबरोबर झुकली आणि लगेच परतली. आवाजही नाही. तार वाऱ्यात शिळ घालायची, दोर गप्प.

लेक सुकाणूवर होती. ऑक्टोबरात जिथं आवाज झाला, साधारण त्याच जागी आल्यावर तिनं उजव्या तणाव्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी तणाव्यावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून बसलो. दोन वळणं, तीन वळणं घेतली. साडेपाचला उन्हं पाचगणीच्या पठारावर गेली तेव्हा परत फिरलो.

काठावर आबा आले होते. त्यांनी चपला काढल्या, पाण्यात उतरून डाव्या वरच्या तणाव्याचा डोळा बोटानं चाचपला. "ही कुणी केली?" लेकीकडं बोट दाखवलं. ते तिला म्हणाले, "बेंदराच्या आधी ये. वाखाचा कासरा शिकवतो."

१६ फेब्रुवारी २०२५

दुसरी फेरी काल झाली. आज मोजमाप. दोन फेऱ्यांनंतर वरच्या तणाव्यांची आवळणीतली जागा १५ वरून १४.२ सेंटिमीटर, खालच्यांची १४.६, मागच्याची १४.४. वरचे पुन्हा ओढून घेतले. फाट्यांच्या टोकावरचं चामडं उजवीकडं थोडं सरकलंय, एक टाका वाढवला. दोराला कुठं लव सुटलेली नाही. मागच्या तणाव्यावर शिडाची कडा घासते तिथं राखाडी रंग उजळ झालाय, तिथं पुढच्या वेळी वेष्टन.

नवा पुढचा तारेचा तणावा फडक्यानं तपासला. फडकं अडकलं नाही. फडकं आता होडीच्या पेटीतच ठेवलंय.

दादाची हळद काढायला माणसं आली आहेत. शेडमधून टिटवी हलवली, आंब्याखाली ताडपत्री घालून उभी केली. काठी आडवी, पाचही तणावे गुंडाळून एका पिशवीत, पिशवी लेकीच्या खोलीत.